वॉर्सा ते कोल्हापूर, आठ तास

आबा, माझे वडील, गेले ते पहाटे. हे लिहावं की नाही, माझं अजून ठरत नाही. पण त्या दिवशीची चूक माझी होती, एवढं तरी लिहायलाच हवं.

माझा थोरला भाऊ पोलंडमध्ये एका कारखान्यात लेथवर काम करतो. सकाळी नऊच्या सुमारास त्याचा मेसेज आला, ‘विमानात बसतोय. मी येईपर्यंत थांबा.’ मग फोन बंद. शिरोळजवळच्या आमच्या गावात थोरल्या मुलासाठी माती, म्हणजे अंत्यविधी, थांबवतात. पण दिवस मावळायच्या आत उरकायची, असंही असतं. दारात माणसं जमली होती. चुलते माझ्याकडे आले.

“किती वाजता पोचतोय रं त्यो?”

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी मोबाईलवर दोन विमानतळ टाकले, वॉर्सा आणि कोल्हापूर. आपल्याकडे विमानतळ आहेच, मग दुसरं कुठलं टाकणार? अंतर सहा हजार किलोमीटरच्या आसपास, वेळ आठ तास. नकाशावर दोन्हींना जोडणारी निळी रेघ.

“पाच वाजता,” मी म्हणालो.

खुर्चीत बसलेले शेजारचे आजोबा म्हणाले, “आरं, हितनं कोल्हापूरला जायला एसटी दोन तास घेती. आनि ह्यो परदेशातनं आठ तासांत येतोय व्हय?”

“ती एसटी हाय, हे इमान हाय की,” चुलते म्हणाले. “पोरगं शिकलंय. त्याला कळतंय.”

बर्फाच्या लाद्या आणल्या. आई एवढंच म्हणाली, “त्याला तोंड तेवढं बघू दे.” मग ती घड्याळाकडे बघत राहिली.

तीनला दादाचा फोन आला. मला वाटलं, लवकर पोचला.

“गाडी पाठवू काय विमानतळावर?”

“कुठल्या? मी दोह्यात हाय, इमान बदलायला. पुढचं विमान रात्री. उद्या सकाळी मुंबई, तिथनं गाडीनं आठ-नऊ तास.”

फोन कानाला होता, आणि अंगणातली सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली. उद्या संध्याकाळ. एवढंच मी सांगितलं.

चुलते रागावले नाहीत. आत जाऊन आबांकडे बघून आले. उन्हाळ्याचा दिवस, बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं.

“सकाळीच कळलं असतं तर सांगलीस्नं थंड पेटी आणली असती,” ते म्हणाले. “दोन दिवससुदा ठेवलं असतं. आता न्हाय थांबवता येत.”

अग्नी मी दिला. चुलत्यांनी मोबाईल धरला होता. पडद्यावर दादा विमानतळाच्या खुर्चीत बसलेला, त्याच्या मागून माणसं बॅगा ओढत चाललेली. आबांचा चेहरा दिसण्याआधीच चित्र अडकलं. पुन्हा आलं तेव्हा ज्वाळा होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. आईजवळ बराच वेळ बसला, मग मला बाहेर बोलावलं.

“आठ तास कुठनं काढलास?”

मी मोबाईल दाखवला. त्याने रेघेवरून बोट फिरवत कोल्हापूरपर्यंत आणलं.

“हे नुसतं मोजलेलं अंतर हाय रं. ह्या रेघेवरनं कुठलंच विमान येत न्हाय.”

दारात आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्यावर ओरडेल, याची मी वाट बघत राहिलो. तिने दादाचं ताट वाढलं, मग माझं.