दोन रिंगांचं बेट

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आमच्या घरात मटार सोलत बसलो होतो. बाहेर रात्रभर पडलेला बर्फ होता. मुलगा ड्राइव्हवे साफ करत होता आणि सून समोर बसून फोनवर तिच्या देशातल्या बातम्या वाचत होती.

तिचा देश म्हणजे काही बेटं. नाव लिहीत नाही. देश इतका लहान आहे, की नाव लिहिलं तर माणसंही ओळखू येतील. एक मोठं बेट, तिथे राजधानी, बँका, हॉटेलं. बाकीची छोटी. त्यांतल्या सगळ्यांत टोकाच्या बेटावर माझ्या विहीणबाई एकट्या राहतात.

"बाबा, हे ऐका," सून म्हणाली. ती मला माझ्या मुलासारखंच बाबा म्हणते. बाकी सगळं इंग्रजीत बोलते, ते मी इथे मराठीत लिहितो आहे. "मोठ्या बेटाला समुद्राखालून इंटरनेटची दुसरी केबल येतेय. आमच्या बेटाला याही वेळी फाटा नाही. का, तर म्हणे आधीच्या अभ्यासात तिथे पुरेशी मागणी दिसून आली नाही. कोण गाढव होता हो तो अभ्यास करणारा?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ते वाक्य माझं होतं. इतक्या वर्षांनी ते जसंच्या तसं, माझ्याच सुनेच्या तोंडून मला ऐकू आलं.

पोळ्या लाटता लाटता बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. "सांगायचं असेल तर सांगून टाका," ती मराठीत म्हणाली, "नाहीतर मटार तरी सोला. दोन्ही नाही म्हणजे काय!"

मग मी सांगितलं. सुनेला जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट लिहितो.

मी मूळचा नागपूरचा, टेलिफोन खात्यातला माणूस. आमच्या वस्तीत फोन नव्हता. मुख्य रस्त्यावरून तार गेली होती, आत वळली नव्हती. खात्याचं म्हणणं, इथून अर्जच येत नाहीत. फोन होता तो रस्त्यावरच्या किराणा दुकानात. पुण्याला नोकरी लागल्यावर मी रविवारी संध्याकाळी एक्स्चेंजमधून त्या दुकानाचा नंबर फिरवायचो, दोनदा वाजू द्यायचो आणि ठेवून द्यायचो. दुकानदार आमच्यासाठी फोन उचलणार नव्हता, पण वाजलेला ऐकायला त्याची हरकत नव्हती. आई पायरीवर बसलेली असायची. दोनदा वाजून थांबला की पदर झटकून उठायची. मुलगा बरा आहे.

पुढे मी अमेरिकेत आलो. एका सल्लागार कंपनीत नोकरी होती, आणि त्या कंपनीने मला या बेटांच्या देशात पाठवलं. तिथे तोपर्यंत एकच फोन कंपनी होती. दुसरी नुकतीच सुरू झाली होती. लोक खिशात दोन सिमकार्डं ठेवायचे, कारण एका कंपनीतून दुसरीत बोलणं महाग पडायचं. रिचार्ज बेकरीत मिळायचा, पावाबरोबर. पहिली समुद्री केबल येऊ घातली होती. ती मोठ्या बेटापर्यंत येणार हे ठरलेलं होतं. फाटा कुठल्या छोट्या बेटांना द्यायचा, हे मी सांगायचं होतं.

टोकाच्या बेटावर हॉटेल नव्हतं. मी एका घरात खोली घेऊन राहिलो. घरधनीण बाई तेव्हा ऐन चाळिशीत होत्या, मुलगी शाळेत जायची. एका दुपारी त्यांच्या घरातला फोन वाजला. बाई मागच्या अंगणात मासे साफ करत होत्या, म्हणून मी उठलो.

"उचलू नका!" त्या तिकडून ओरडल्या.

फोन एकदा वाजून थांबला.

"तो माझा नवरा," हात पुसत आत येऊन त्या म्हणाल्या. "एक रिंग म्हणजे बोट धक्क्याला लागली. दोन झाल्या असत्या तर मी त्याला फोन करायचा, असं ठरलेलं आहे. उचलला की पैसे लागतात. इथे सगळे असंच करतात. तुम्ही एवढे टेलिफोनवाले, आणि हे ठाऊक नाही?"

मी मोठ्याने हसलो. त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली, दुकानाच्या पायरीसकट. त्या दिवशी त्यांनी मला जास्तीचा मासा वाढला.

त्या बेटावर दिवसभर फोन वाजत असायचे. शाळा सुटली, बोट लागली, डॉक्टर आला, ये, थांब, बरी आहे. पण एक्स्चेंजमध्ये नोंद व्हायची ती उचललेल्या फोनची. वाजून थांबलेल्या फोनची नोंद कुठेच नव्हती. कागदावर ते बेट मुकं होतं.

मी कंपनीत विचारलं होतं, रिंगांची वेगळी पाहणी करायची का. साहेब म्हणाले, वेळ नाही, आणि न झालेल्या कॉलला मागणी कोण म्हणतं? माझं ग्रीन कार्ड त्यांच्याच कंपनीकडे अडकलेलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही. पुरेशी मागणी दिसून येत नाही, असं लिहिलं आणि मनाला समजावलं, की हे खोटं नाही, खरोखरच दिसत नाही. ज्याच्या आईने पायरीवर बसून दोन रिंगा ऐकल्या, त्याने हे लिहिलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर त्याला निदान माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं.

त्या कुटुंबाशी संबंध राहिला. मुलगी शिकायला इलिनॉयला आली, सुट्ट्यांना आमच्याकडे यायची, बायकोच्या हातची भरली वांगी खायची. माझ्या मुलाने तिच्याशी लग्न केलं. लग्न त्यांच्या बेटावर झालं. तिथे विहीणबाईंनी सगळ्या गावासमोर माझ्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली आणि सांगितलं, आमच्या देशात केबल आणणारा माणूस तो हा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बेटावर केबल नव्हती. त्यांना वाटत होतं, फाटा कुणा मोठ्या माणसाने अडवला असणार.

सून सगळं ऐकत होती. मध्येच तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि मटार स्वतः सोलायला लागली.

"म्हणजे आईने माळ घातली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही फोटो काढून घेतलात."

"हो."

"तो फोटो वर जिन्यात लावलेला आहे, बाबा."

तिने आणखी एक शेंग फोडली. मग ती म्हणाली, "दर रविवारी माझी मुलगी आजीला अर्धी बघते. आजी बोलायला लागली की चित्र थांबतं. आता तिला यायचंच नसतं कॉलवर. आणि मी आईवर चिडते. फोन नीट धर, खिडकीपाशी जा, वर टेकडीवर जा. गुडघे दुखतात तिचे."

मग तिने डोळे पुसले आणि आवाज एकदम कामाचा झाला. "या केबलबद्दल लोकांची मतं मागवली आहेत. मुदत आहे अजून. तुम्ही लिहा. स्वतःच्या नावाने, की तो अभ्यास चुकला होता आणि का चुकला होता."

"लिहितो."

"पण त्याआधी आईला सांगा. तिने हे शेजाऱ्यांकडून ऐकता कामा नये."

"तूच जरा आधी..."

"नाही, बाबा."

दुपारी नेहमीसारखा व्हिडिओ कॉल लावला. नात सोफ्यावर उलटी लोळत होती. पडद्यावर विहीणबाई आल्या, त्याच घरातल्या त्याच खिडकीपाशी. केस पार पांढरे झालेले. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. साहेब काय म्हणाले, ग्रीन कार्ड, माझी दोन लहान मुलं, तेव्हाचे दिवस.

"मी तुमच्या घरी राहिलो होतो तेव्हा," मी सुरुवात केली.

त्यांचं चित्र थांबलं, तोंड अर्धवट उघडं.

"ग्रँडमा फ्रोझन! अगेन!" नात म्हणाली.

चित्र हललं. "काय? माझ्या घरी काय झालं?"

"माझ्या कंपनीचे साहेब, त्या वेळी..."

"कोण आलंय? साहेब? तुमचा आवाज यंत्रासारखा येतोय हो."

मी पुन्हा साहेबांपासून सुरू केलं. पुन्हा थांबलं. ग्रीन कार्डपर्यंत तर मी एकदाही पोचलो नाही. नातीला माझी दया आली असावी. "आबा, व्हिडिओ ऑफ करा. आणि शॉर्टमध्ये बोला. लाँग सेंटेन्स जात नाही तिकडे."

तिने स्वतःच व्हिडिओ बंद केला. काळ्या पडद्यासमोर माझ्याजवळ जेवढं उरलं तेवढं मी बोललो.

"तुमच्या रिंगा मला माहीत होत्या. मी त्या अहवालात लिहिल्या नाहीत. म्हणून तुमच्या बेटाला केबल आली नाही. चूक माझी आहे."

तिकडून समुद्रासारखी खरखर आली, की तो त्यांचा श्वास होता, कळलं नाही. मग कॉल तुटला.

"त्यांनी ऐकलं का?" मी विचारलं. कुणालाच सांगता येईना. सुनेने पुन्हा लावून पाहिला, लागला नाही. नेटवर्क गेलं की त्यांनी ठेवला, हेही समजायला मार्ग नव्हता. बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसली. एरवी ती माझ्या चहाच्या वेळी शेजारी बसत नाही. सून खिडकीपाशी पाठ करून उभी होती. मला वाटलं, आता हे घर माझ्याशी नीटच वागेल, प्रेमाने वागेल की नाही, ठाऊक नाही.

चहा निवला. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. साधा फोन, व्हिडिओ नाही. नंबर त्या बेटाचा. विहीणबाईंनी कधी माझ्या फोनवर फोन केला नव्हता, नेहमी मुलीच्याच फोनवर.

नातीने उडी मारून हात पुढे केला. "आबा, पिक अप!"

"उचलू नको!" मी आणि सून एकदमच ओरडलो.

नात दचकून आमच्याकडे बघत राहिली. एक रिंग संपली. सून खिडकीपासून वळून टेबलाशी आली होती. एकच झाली असती तर बोट लागली एवढंच. आम्ही दोघं त्या फोनकडे बघत होतो.

दुसरी वाजली. मग फोन शांत झाला.

"तुम्हाला बोलावतेय," सून म्हणाली. तिने फोन उचलून माझ्या हातात दिला आणि बायकोच्या डोक्यावरचा चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला, कारण माझा कुठे होता ते मला सापडेना. "साहेबांपासून सुरू करू नका, बाबा."

मी नंबर लावला. पहिल्या रिंगला त्यांनी उचलला.