सातवी बादली

मारेक प्रत्येक दारातून वाकून आत यायचा, दार त्याच्या डोक्याहून हातभर उंच असलं तरी. माणूस साडेसहा फुटी, तरुणपणी पोलंडमधल्या एका साखर कारखान्याच्या बास्केटबॉल क्लबकडून खेळलेला. रिफायनरीत आमची टेबलं शेजारीशेजारी होती आणि अल-खोबरला तो आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकटा राहायचा.

आखाती युद्ध सुरू झालं आणि संध्याकाळी भोंगे वाजू लागले. विषारी वायूच्या भीतीने आतल्या खोलीच्या खिडकीला चिकटपट्ट्या लावून, दाराखाली ओले टॉवेल कोंबून आम्ही बसायचो. मारेकही खाली यायचा. आमची नऊ वर्षांची मुग्धा थरथर कापत माझा हात धरून असायची. तिसऱ्या दिवशी मारेकने तिला आपल्या क्लबचा इतिहास सांगायला घेतला, अगदी पहिल्या वर्षापासून. हॉलचं छप्पर गळायचं म्हणून कोर्टवर सहा बादल्या ठेवलेल्या असत, आणि खेळाडू त्यांच्यामधून चेंडू आपटत पळत. "पाहुणे संघ आमच्याशी नाही, बादल्यांशी हरायचे," तो म्हणाला. मुग्धा हसली आणि माझा हात सोडून त्याच्याजवळ सरकली.

धोका टळल्याचा भोंगा झाला की "बाकी पुढच्या भोंग्याला," म्हणून तो उठायचा. पोरगी चक्क भोंग्याची वाट पाहू लागली. मी गोष्ट सांगायला गेलो तर म्हणायची, "बाबा, नॉट नाऊ." मी जळत होतो, त्याला दुसरा शब्द नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मारेकनेच मला सांगितलं की कारखान्याने हात आखडता घेतला, हॉलचं गोदाम झालं आणि क्लब गेल्या वर्षीच बंद पडला. शेवटच्या सामन्याला जेमतेम पाच खेळाडू उरले होते. "मुलीला सांगू नकोस. आधी युद्ध संपू दे." मी मान डोलावली. दोनच दिवसांनी मुग्धा नाश्त्याला म्हणाली की मोठी झाल्यावर ती त्या क्लबची मॅच बघायला जाणार, आणि मी सांगून टाकलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तिने त्याला विचारलं, "अंकल, इज इट ट्रू?"

"हो. बाबा खरं बोलले," मारेक म्हणाला. गोष्ट काढायच्या ऐवजी तो खिडकीच्या चिकटपट्ट्या दाबत बसला. लांब कुठेतरी धमाका झाला, खिडकी हादरली आणि मुग्धा पुन्हा कापू लागली. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

मग मीच सुरुवात केली. पहिलं वर्ष, गळकं छप्पर, कोर्टवर सात बादल्या. जळत जळत मी शब्दन् शब्द ऐकला होता, सगळे सीझन मला पाठ होते. फक्त बादल्या चुकल्या. मी थांबून मारेककडे पाहिलं.

"सातच," तो म्हणाला. "पुढे सांग."

मी सांगत राहिलो. मधेच कधीतरी मुग्धा माझ्या खांद्याला टेकली.

युद्ध संपलं, मारेकचा करार संपला. विमानतळाच्या भल्यामोठ्या दारातूनही तो वाकूनच गेला. काही वर्षांनी तो वारल्याचं कळलं. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

आता मुग्धा आपल्या मुलीला ती गोष्ट सांगते. 'मारेक अंकलची गोष्ट' म्हणते. माझं त्यात नावही नाही, आणि ते मला अजून लागतं. पण बादल्या ती सात सांगते.