उद्घाटन न झालेला फ्यूम हूड

गेल्या एप्रिलमध्ये, एका सोमवारी सकाळी, पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत माझ्या पत्नीच्या उजव्या डोळ्यात तीव्र अमोनिया उडाला. ती तिथे प्रयोगशाळा सहायक आहे. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी ती मोठ्या बाटलीतून छोट्या बाटल्या भरत होती.

उन्हाळ्यात अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो आणि झाकण सैल करताच द्रव फुसकन वर येतो. म्हणून बाटली आधी बर्फात थंड करतात. प्रयोगशाळेत फ्रीज नाही. बर्फ तिने घरून डब्यात नेला होता. वारज्याहून पोहोचेपर्यंत त्यातला निम्मा वितळला.

ओतण्याचे काम फ्यूम हूडमध्ये करायचे असते. फ्यूम हूड म्हणजे वाफ बाहेर खेचणारा पंखा आणि पुढे सरकती काच असलेले कपाट. काच खाली ओढून फक्त हात आत घालायचे. उडालेच तर काचेवर उडते.

महाविद्यालयात हूड होता. नवा, पंखा तपासून झालेला. त्याच्या काचेवर गुलाबी सॅटिनची फीत बांधलेली होती. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे हवे होते आणि त्यांची तारीख मिळत नव्हती.

आदल्या शुक्रवारी पत्नीने विभागप्रमुखांना विचारले होते. ते बोलणे मी नंतर तिथे हजर असलेल्या सहकारी बाईंकडून ताडून घेतले.

“सर, फीत सोडते, काम झालं की परत बांधते.”

“अहो मॅडम, इतकी वर्षं टेबलावरच ओतलंत ना? काही झालं का?”

“मग हूड कशाला घेतलाय?”

“उद्घाटनाला. तुम्ही करताय का? हार मागवतो.”

खोलीतले सगळे हसले.

सोमवारी तिने टेबलावर ओतले. गॉगल घातला होता. तो सैल होता आणि थेंब वरच्या फटीतून आत गेला. त्याच सहकारी बाईंनी तिला नळाखाली धरून पापणी उघडी ठेवली. त्यामुळे डोळा राहिला, असे डॉक्टर म्हणाले. नजर किती राहील, ते पट्टी काढल्यावर कळणार होते.

विभागप्रमुख शहाळे घेऊन रुग्णालयात आले. “मॅडमनी जरा काळजी घ्यायला हवी होती,” ते मला म्हणाले.

मी वृत्तपत्रात असताना ‘काळजी न घेतल्यामुळे’ असे शब्द बातमीत आले की बातमीदाराला बोलावून विचारत असे : कोणी घ्यायची होती? तेच त्यांना विचारले.

“अहो, आपण शिकलेली माणसं. आता काय फितीला दोष देणार?”

“फीत बांधायला कोणी सांगितलं होतं?”

त्यांनी शहाळे टेबलावर ठेवले आणि ते निघून गेले.

पुढच्या आठवड्यात पाहुण्यांची तारीख मिळाली. समारंभाचा फोटो विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला. पत्नीने तो डाव्या डोळ्याने पाहिला. त्याच दुपारी तिची पट्टी काढली. उजव्या डोळ्याने तिला तक्त्यावरचे फक्त सर्वांत वरचे अक्षर वाचता आले.