एकशे सत्तावीस दात

गिअर गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र वर्कशॉपातच राहतो. कोल्हापुरात गिअर कापायचं आमचं काम, त्यामुळं असे किस्से बरेच साठलेत. मला ते दातांच्या आकड्यांवरूनच आठवतात!

*

मी नववीत शाळा सोडली, तीही गणितामुळं. इथं पहिल्याच दिवशी आमचे उस्ताद बाबूचाचा यांनी विचारलं, "बहात्तरला कोण कोण भागतं?"

"दोन, तीन, चार, सहा..."

"आन् त्र्याहत्तरला?"

मी गप्प.

"शाब्बास! बरोबर उत्तर दिलंस की रं!"

जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच भागत नाही ती मूळ संख्या, हे मला तेव्हा कळलं.

*

पेठ वडगावचे एक पाहुणे उसाच्या चरकाचा झिजलेला गिअर घेऊन आले. दात बहात्तर. त्याला फिरवणारा छोटा गिअर अठराचा. चाचांनी नवा कापला तो त्र्याहत्तरचा!

"एक दात जादा? मी मागितला न्हाय!"

"पावणं, अठरातला एक दात खराब हाय. भाग जातोय म्हणून तो दर फेरीला त्याच चौघांना चावतोय. आता सगळ्यांकडं फिरंल."

"म्हंजी आमच्या भावकीगत! भांडान सगळ्यांत सारखं!"

*

मूळ संख्येचे दात कापायचे तर दात मोजायच्या प्लेटवर तेवढीच छिद्रं लागतात; आमच्याकडं त्र्याहत्तरची होती, पुढच्या मूळ संख्यांची नव्हती. एकदा चाचा जेवायला गेले असताना मी एका गिऱ्हाइकाला ठणकावलं, "एक्याण्णवचा होणार नाही, मूळ संख्या आहे!" तो शेजारच्या वर्कशॉपातून कापून घेऊन मुद्दाम दाखवायला आला.

चाचांनी फक्त विचारलं, "तेरा साती किती रं?"

आठवडाभर मला सगळे 'एक्याण्णव' म्हणूनच हाक मारत होते.

*

मग इचलकरंजीच्या एका जुन्या, इंची लेथसाठी एकशे सत्तावीसचा गिअर कापायचं काम आलं. पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. त्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर हाच गिअर लागतो. पण ही मूळ संख्या, आणि दात मोजायच्या आमच्या प्लेटवर तेवढी छिद्रंच नाहीत. असली कामं आम्ही बाहेर पाठवायचो.

"मी करू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

चाचा म्हणाले, "जमलं तर मिलिंग मशीन तुझं. बिघडलं तर परत झाडू."

आईची शिवणाची टेप मी एकशे सत्तावीस सेंटिमीटरवर कापली आणि तेवढ्याच घेराच्या लाकडी चकतीवर चिकटवली. चकती प्लेटच्या जागी बसवली. एक सेंटिमीटर, एक दात.

शेवटचा दात झाला. आता चकती आणखी एक सेंटिमीटर फिरवायची, म्हणजे कटर पहिल्याच खाचेत यायला हवा. चूक असेल तर तिथं बिडाचा कीस पडणार. चाचांनी खाली पांढरा कागद धरला.

कटर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

चाचांनी कागद उजेडाकडं तिरका धरून त्यावर बोट फिरवलं; बोट कोरंच. मग त्यांनी तो स्टुलावर पसरला, पिशवीतलं भडंग त्यावर ओतलं आणि म्हणाले,

"घ्या, मिस्तरी."