धोंड्याखालची वस्ती

शिरूरला घोडनदीकाठी पाणीपुरवठ्याचा पंप चालवणारे मामा रोज सकाळी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरत. एक धोंडा उचलून त्याच्या पोटाला चिकटलेले तीन शेपट्यांचे बारीक किडे बघत आणि म्हणत, "हायती. म्हंजी पाणी चांगलं." किड्यांना ऊन लागू नये म्हणून ते आधी आपली सावली त्यावर धरत. मग धोंडा होता तस्साच ठेवून पंप चालू करत. मी विज्ञानाचा मास्तर. फिरायला आलो की हे बघून मनात हसायचो.

नव्वद सालच्या आसपासच्या एका एप्रिलात नदी आटली. सकाळचं पाणीसुद्धा कोमट लागायला लागलं, आणि धोंड्याखाली काहीच दिसेना. "पाणी तापलं, सर," एवढंच मामा म्हणाले. आठवडाभर ते काठाकाठानं धोंडे उचलून बघत हिंडले. माझं हसू गेलं.

मग एके दिवशी करंजाखालून हाक आली, "सर, पळत या!" तिथं काठातून झरा नदीत उतरत होता आणि पाणी गार होतं. मामांच्या हातातल्या धोंड्यावर किडे वळवळत होते. माझा जीव भांड्यात पडला. खात्री करायला मी शेजारच्या धोंड्याला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, सर. गारव्याला आल्यात बिचारी. एक बघितला, बास झालं."

त्यांनी धोंडा जागेवर ठेवला. करंजाची सावली दाट होती, तरीही मामा उन्हाच्याच बाजूला, धोंड्याला आडोसा धरून उभे होते.