मागे बघणारे रणदिवे भावोजी

सायमन रणदिवे सरोजिनी नगरला साधी मेथी आणायला निघाले, तरी दर दहा-वीस पावलांनी थांबून मागे बघत. मी नवी नवरी म्हणून दिल्लीत आले तेव्हा मला वाटलं, या माणसाने नक्की काहीतरी केलंय. "पोलीस आहेत का हो यांच्या मागे?" असं मी ह्यांना विचारलंसुद्धा. हे हसत सुटले. "अगं, कुणी मागे राहिलं नाही ना, ते बघतात."

आर. के. पुरममध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नगरचे, ह्यांच्याच ऑफिसात. एकटा जीव. घरात खुर्च्या दोन, आणि स्क्रू-पान्यांचे डबे मात्र पलंगाखाली मावत नव्हते. आसपासचे लोक नव्या छोट्या मोटारींचे हप्ते भरत होते, गच्च्यांवर डिश लावत होते. आणि हे नि रणदिवे धरून आमच्या आठ शहाण्यांनी साहेबाच्या काळातल्या इंग्रजी मोटारसायकली भंगारातून उचलून क्लब काढला होता!

गाडी विलायतेहून आली तेव्हा तिला आरसा नव्हता, म्हणून आताही लावायचा नाही, असा त्यांचा बाणा. मग मागचं बघणार कोण? मागे बसलेली बायको. आपल्या मागची गाडी दिसेनाशी झाली की थांबायचं, एवढा एकच नियम. आपण थांबलो की पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा. हत्यारांची पिशवी घेऊन रणदिवे कायम सगळ्यांच्या शेवटी. "पुढचा आपला रस्त्याकडे बघतो, वहिनी," ते म्हणत, "मागच्याकडे आपण बघायचं. बिल्कुल सोपं काम."

सोपं म्हणे! जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी हरियाणात सोहन्याच्या बाजूला निघालो. मी तिशीची, अक्कल मात्र विशीची. रेशमी साडी, वर शाल, एका बाजूला पाय टाकून बसलेली. आमच्या मागे फक्त रणदिवे. गुडगाव सुटलं आणि धुकं असं उतरलं, की मोहरीच्या शेतांतल्या बिल्डरांच्या पाट्यासुद्धा दिसेनात. विटांचा एक ट्रक माझ्या गुडघ्याला हवा घालत गेला. मी शाल डोक्यावरून खाली ओढली आणि डोळे गच्च मिटले.

"भावोजी दिसतायत ना?" ह्यांनी ओरडून विचारलं.

"दिसतायत!"

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी शालीच्या आतूनच, "हो हो, दिसतायत!" तिसऱ्यांदा तर मी वैतागले. "किती वेळा सांगू?"

कालव्याजवळ चहासाठी थांबलो आणि कुणीतरी गाड्या मोजल्या. सात. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "शेवटचे कधी दिसले?"

"आत्ता तर होते," मी म्हटलं. म्हणजे चौथं खोटं.

परतताना मी डोळ्यांची पापणी हलवली नाही. रस्त्याकडेला एक ट्रक उभा, भोवती माणसं. ह्यांनी वेग कमी केला. मेले असतील तर? मी मारलं असेल तर? ट्रकचं टायर फुटलं होतं, बाकी काही नव्हतं. पण त्या चार पावलांत मी जी घाबरले, ती आजतागायत पूर्ण सावरलेली नाही.

पुढे धुक्यातून आवाज आला. पों... पों... क्षीण, थांबून थांबून. नव्या कॉलनीच्या पाइपांसाठी कुणीतरी रस्त्यालगत चर खणून तसाच उघडा ठेवला होता. तळाशी रणदिवे, पायावर गाडी, हातात भोंग्याचा रबरी फुगा. ओठ निळे पडलेले. मला बघून म्हणाले, "आलात वहिनी? चला, आता हा भोंगा सोडतो."

पाय दोन ठिकाणी मोडला होता. आठवड्याने शिऱ्याचा डबा घेऊन मी हॉस्पिटलात गेले, आणि डबा उघडायच्या आधीच रडत सगळं कबूल केलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुमच्या मागेच होतो ना मी. पुढे एक शालीचं गाठोडं चाललं होतं."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"सांगितलं असतं, तर तुम्हाला परत कुणी मागे बसवलं असतं? ते नको होतं मला. पुढच्या वेळी माझ्या पुढे तुम्हीच बसायचं. आता तुम्ही डोळे मिटाल होय? शिरा काढा."

पुढची कितीतरी वर्षं मी बसले. भीती गेली नाही. पण डोळे उघडे ठेवून घाबरायला शिकले.

गेले ते निवृत्तीनंतर, झोपेतच. दफनभूमीकडे निघताना काळी शववाहिनी सर्वांत पुढे, मागे सात मोटारसायकली. रणदिवे पहिल्यांदाच पुढे होते. आमची गाडी शेवटची. मी सवयीने वळून बघितलं. रस्ता रिकामा. पुन्हा बघितलं.

ह्यांनीही सवयीने विचारलं, "भावोजी दिसतायत ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "दिसत नाहीत."

ह्यांनी गाडी थांबवली. मग आमच्या पुढची थांबली, तिच्या पुढची थांबली, आणि सगळ्यांत शेवटी, पार तिकडे पुढे, ती काळी गाडीही थांबली.