ओढ्यापलीकडचे अंगठे

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. नवऱ्याच्या नाही, बहिणीच्या नाही, देवापुढे हात जोडतानाही मी ती टाळून बाकीचंच बोलते. तुम्हाला का सांगते आहे? तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अजूनही वळत नाही.

मी अंगणवाडी सेविका आहे. न्हावऱ्याहून मांडवगणकडे जाताना लागणाऱ्या गावांपैकी एक आमचं. माझं नाव मंगल, पण गावात मला बाई म्हणतात. सरपंच माझे चुलत दीर. घरची ऊसशेती, दारात दोन जर्शी गाई, आणि वर माझं सरकारी काम — म्हणजे गावात माझ्या शब्दाला वजन आहे. हे वजन नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते त्याच्याच जोरावर झालं.

आणखी एक सवय सांगायला हवी. अंगणवाडीत आहाराची पाकिटं येतात. ती दिली की आईचा सही-अंगठा घ्यायचा. पण बायका खुरपायला गेलेल्या असतात, कुणी माहेरी असते, आणि वर कागद वेळेत जायला हवेत. मग काय करायचं? पाकीट पोचलेलं असतंच, म्हणून मी शाईच्या पॅडवर स्वतःचं बोट टेकवून रकाना भरून टाकायचे. एका महिन्यात एक, दुसऱ्या महिन्यात चार. कुणाचं नुकसान नव्हतं. निदान मी तसं म्हणायचे. हळूहळू माझ्या बोटाला दुसऱ्याचा अंगठा होण्याची लाज वाटेनाशी झाली.

आता हसीनाभाभी. त्या आमच्या गावच्या शिंपीण. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांपासून ते घर आमच्याच गावात आहे. मुलगी दौंडला दिलेली, नवरा वारलेला, आणि मशीन दारातच, लिंबाखाली. माझं लग्न झाल्यापासूनचे माझे सगळे ब्लाऊज त्यांच्या हातचे. माप घेताना त्या टेप लावायच्या नाहीत, नुसतं बघायच्या आणि म्हणायच्या, "भरलीस गं थोडी, बरं झालं."

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कंपनी आली. कसली तरी पावडर बनवते. तिचं पाणी ओढ्यात यायला लागलं आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या विहिरी चहाच्या रंगाच्या झाल्या. वास असा, की म्हशीसुद्धा तोंड फिरवायच्या. गावाला त्याचं काही नव्हतं — गावाची विहीर अलीकडे, आमचं पाणी स्वच्छ. हे आधी कळलं कुणाला? सरपंचांना नाही, मला नाही. शिंपिणीला कळलं. वस्तीवरच्या बायका ऑक्टोबरच्या उन्हात पोरींना पूर्ण बाह्यांचे फ्रॉक शिवून मागायला लागल्या. भाभींनी एकीला विचारलं, एवढ्या उकाड्यात कशाला? तिनं पोरीची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत खाजवून खाजवून सोललेलं कातडं.

मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. त्यातल्या पाच-सहा पोरी महिन्याच्या वजनाला माझ्याच अंगणवाडीत येत होत्या, मीच त्यांना वजनकाट्यावर उभं करत होते. पण आमच्या रजिस्टरात वजनाचा रकाना आहे, उंचीचा आहे, खरजेचा नाही.

भाभींनी अर्ज करायचं ठरवलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण अर्ज असा लिहिला की मास्तरांनी फक्त दोन वेलांट्या सुधारल्या. मग दोन महिने त्या सह्यांसाठी गावभर फिरल्या. दुपारी मशीन बंद करायच्या, पिशवीत कागद घ्यायच्या आणि निघायच्या. लोक हसायचे. कुणी म्हणायचं, भाभी, तुमची विहीर तर चांगली हाय, तुम्हाला काय पडलंय? त्या म्हणायच्या, "विहीर चांगली हाय, पन झोप लागत न्हाई." तरी त्यांनी सह्या मिळवल्या. खऱ्या. एकेक दार वाजवून.

वस्तीच तेवढी राहिली होती. ज्यांच्यासाठी अर्ज, त्यांच्याच सह्या बाकी. सोमवारी कागद शिरूरला द्यायचे होते आणि भाभींचा गुडघा सुजला होता. त्या माझ्याकडे आल्या. तू बाई हायेस, तुला समदी वळखतात, शनवारी जाऊन येशील का? मी म्हटलं, जाते की. त्यात काय.

शनिवारी मी गेले नाही.

कारण विचारू नका, फार क्षुल्लक आहे. बरं, सांगते. भाचीच्या साखरपुड्याला साडी घ्यायची होती आणि माझी जाऊ शिरूरला निघाली होती. तिच्या स्कूटरवर मागे जागा होती. वस्ती म्हणजे ओढा उतरून दोन-अडीच मैल ढेकळं तुडवत जायचं, वर एप्रिलचं ऊन. मी साडी निवडली — मोरपंखी, जरीच्या काठाची. अजून आहे ती, एकदाच नेसले. संध्याकाळी घरी आले, अंगणवाडीतलं कुटुंबांचं जुनं रजिस्टर काढलं, आणि वस्तीवरची सत्तावीस नावं एकाखाली एक उतरवून काढली. मग पॅड उघडलं. उजव्या हाताची पाच, डाव्या हाताची पाच. कुठे बोट आडवं, कुठे जोर कमी, कुठे मुद्दाम थोडं फिस्कटवलेलं. किती हुशारीनं केलं होतं! चार-पाच नावांपुढे वेगवेगळ्या अक्षरांत सह्याही केल्या, नाहीतर संशय यायचा. शाई बोटांवरून निघेना, तर खोबरेल तेल चोळत टीव्ही बघत बसले. मनात काहीसुद्धा आलं नाही. त्या बायकांनी हौसेनं अंगठे दिलेच असते ना? मग मी दिले तर काय बिघडलं?

रविवारी भाभींनी ते पान बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "तुझ्यामुळं पुरं झालं बघ." मी म्हटलं, तुमचंच काम आहे हो सगळं.

अर्ज गेला. आणि आमच्या दुर्दैवानं — नाही, आमच्या कसल्या, त्यांच्या — वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी तो खरंच वाचला. पावसाळ्याआधी ते स्वतः पाहणीला आले. पाण्याचे नमुने घ्यायला बाटल्या घेऊन आले होते. आधी वस्तीवर गेले आणि अर्जातली नावं पुकारायला लागले. गऊबाई कोण? तिचा मुलगा म्हणाला, साहेब, आईला जाऊन दोन वर्षं झाली. माझं रजिस्टर तीन वर्षांपूर्वीचं होतं. पुढच्या नावाची बाई म्हणाली, मी दहावी पास हाय, मी अंगठा कशाला दीन? तिसरी म्हणाली, आमच्याकडं कुनी आलंच न्हाई, आम्हाला ठावंच न्हाई असा अर्ज हाय म्हनून.

बाटल्या गाडीतून उतरल्याच नाहीत.

दुपारी ग्रामपंचायतीत सगळ्यांना बसवलं. सरपंच, चार सदस्य, भाभी, मी, दारात पंधरा-वीस माणसं. साहेब आरडाओरडा करणारे नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यांनी ते पान टेबलावर ठेवलं आणि साधंच विचारलं, या वस्तीवर सह्या घ्यायला कोण गेलं होतं?

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गोंधळून. काहीतरी घोटाळा झालाय आणि मंगल आता नीट सांगेल, असं. मी हात पदराखाली घेतले. शाई केव्हाच गेली होती, तरी घेतले. नोकरी जाईल, आहाराचं रजिस्टर तपासतील, पेपरात नाव येईल — हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. पण खरं सांगू? भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी त्या वेळी मला स्वच्छ दिसलं होतं. आम्ही दोघी उलटसुलट बोललो तर या खोलीत कुणाचं खरं धरलं जाईल, हे मला दिसलं होतं. मी सरपंचांची वहिनी. मी सरकारी. मी आपल्यातली. आणि त्या? त्या पिढ्यान् पिढ्या इथं राहूनही — तुम्हाला कळलं मी काय म्हणते ते. मला तर पुरतं कळलं होतं. त्याचा हिशेब करूनच मी तोंड उघडलं.

मी म्हटलं, भाभी गेल्या होत्या.

भाभी म्हणाल्या, "न्हाई साहेब. माझा गुडघा सुजला हुता. ही गेली हुती. मंगल, सांग की गं."

मी मान खाली घातली, वाईट वाटल्यासारखी. तेवढंच पुरलं. सरपंच म्हणाले, "आमच्या वहिनी सरकारी मानूस हायेत, त्या कशाला असलं करतील?" दारातून कुणीतरी म्हणालं, हिला आधीपासून कंपनीकडून काहीतरी काढायचं असंल. आणि आणखी कुणीतरी म्हणालं, ह्यांच्यात असंच असतं. हा म्हणणारा त्यांच्याच हातचा सदरा घालून उभा होता. एकानंही उठून म्हटलं नाही की ही बाई दोन महिने माझ्या दारात येत होती, माझी सही खरी आहे.

साहेबांनी शेरा मारला — सह्या बनावट आढळल्या, सबब अर्ज दप्तरी दाखल. म्हणजे कपाटात. गावाच्या सगळ्या खऱ्या सह्याही त्या एका पानाबरोबर कपाटात गेल्या.

बाहेर पडताना भाभी पायरीवर थांबल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नुसतं म्हनली असतीस, जमत न्हाई म्हनून. मी गेले असते गं, बसत-उठत." आणि चपला घालून गेल्या.

इथं थांबले असते तरी खूप होतं. थांबले नाही. गावातल्या बायकांनी त्यांच्याकडे कापड टाकणं बंद केलं. मी काय केलं असेल? माझे दोन ब्लाऊजपीस त्यांच्याकडे पडले होते — मी ते अंगणवाडीच्या मदतनीसबाईंना पाठवून परत मागवले. सगळ्यांना दिसेल असे, भर दुपारी. त्यांनी ते घडी घालून, कागदात गुंडाळून दिले. एक कापून झालेला होता. पुढच्या वर्षी लिंबाखालचं मशीन टेम्पोत चढलं आणि भाभी दौंडला लेकीकडे गेल्या. निरोप द्यायला मी गेले नाही. दाराच्या फटीतून बघत होते.

वस्तीवर आता जारचं पाणी विकत घेतात. प्यायला. अंघोळीला आणि कपड्यांना तेच विहिरीचं. मध्यंतरी एका पोरानं मोबाईलवर नवा अर्ज काढला, नाव टाकून नुसतं बोट दाबायचं. वस्तीवर कुणी दाबलं नाही. म्हणाले, मागच्या बारीला आमच्या नावानं खोटं झालं, आता नको. त्या पोरानं मला विचारलं, बाई, मागच्या वेळी नक्की काय झालं होतं? मी म्हटलं, एका बाईनं घोळ घातला होता.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला दौंडला गेले होते. एसटी स्टँडकडे येताना बोळात एका दारापुढे मशीनचा आवाज आला. मी पाय उचलायच्या आत त्यांनी मला पाहिलं. केस पांढरे झालेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. बस म्हणाल्या. नातीला चहा ठेवायला सांगितलं. मी बसले. आता बोलतील, आता विचारतील, असं वाटत राहिलं. मनाशी म्हटलं, विचारलं तर या वेळी खरं बोलायचं. इथं सरपंच नाहीत, साहेब नाहीत, दारात माणसं नाहीत. आता तरी बोलशील ना?

त्यांनी माझं काही विचारलंच नाही. त्यांचं स्वतःचंही काढलं नाही. सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "ओढ्यापल्याडच्या पोरींचं काय झालं गं? पान्याचं मिटलं का?"

मी म्हटलं, मिटलं की भाभी. आता चांगलं पाणी येतं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला त्यांचा. नातीला हाक मारून म्हणाल्या, चहात साखर जरा जास्त टाक. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि एसटी धरली.